मास्तरला सात

प्रिय रेघोबा,

हे भेंडोळं हातात आलं की तू आधी हसशील आणि मग शिव्या घालशील. पत्राला कागद म्हणून आरसे गुंडाळायचा पिवळट कागद, शाईच्या जागी काचेवर खुणा करायची काळी जाड पेन्सिल, आणि अक्षरं एवढाली की एका कागदावर धड दहा ओळी मावत नाहीत. म्हाताऱ्याला वेड लागलं म्हण हवं तर. त्यामागे कारण आहे, ते शेवटी सांगतो. मला थोडक्यात बोलता येत नाही हे तुला सव्वीस वर्षांनी नव्यानं सांगायला नको, पण या वेळी अर्ध्यावर टाकून देऊ नकोस. जे घडलंय त्यानं मी इतका हबकलोय की मला स्वतःलाच ते एकदा क्रमानं लावून बघायचंय. कालपासून डोकं बधिर आहे. सकाळी चहात दोनदा साखर घातली, आणि तो तसाच पिऊनही टाकला.

बुधवारपासून सुरुवात करतो. तू तिथे होतास, तरी लिहितो. नाचाच्या शाळेचा तो आठ फुटी आरसा टेबलावर आपण दोघांनीच आणून ठेवला. तू पट्टी लावलीस, कापायचं चाक रॉकेलमध्ये बुडवलंस, आणि रेडिओ बंद करायला सांगितलंस. हल्ली कापताना तू तो बंदच करायला लावतोस, आणि आम्ही एकमेकांना डोळे मिचकावून म्हणतो की साहेबांना आता शांतता लागते. मग तुझा तो बारीक, एकसारखा करर आवाज. तू खालून टिचकी मारलीस, काच दुभंगली, आणि टेबलाभोवतीचे सगळे वाकून बघायला लागले. कापलं होतंस सुरेखच. कडेला एक कपचासुद्धा उडाला नव्हता. फक्त ते सगळं खुणेच्या रेघेपासून चार बोटं बाजूला होतं. ज्याच्या हातावरून बाकीचे आपल्या पट्ट्या तपासून घेतात, ज्याचं नावच त्यामुळे रेघोबा पडलं, त्यानं रेघ सोडून कापलं! महिन्याभरात आधीच दोन काचा गेल्या होत्या, पण त्या मी मालाच्या माथी मारल्या होत्या. या खेपेचा मालच ठिसूळ, असं मी सगळ्यांना ठणकावून सांगितलं होतं. आरशाला मात्र सबब सुचेना. तू फडक्याला हात पुसलेस, ॲप्रन खुंटीला अडकवलास आणि निघून गेलास. मी हाकसुद्धा मारली नाही. काय म्हणून मारू, तेच कळेना.

आता माझं पाप ऐक. त्याच संध्याकाळी धाकट्या मालकीणबाईंनी माझ्या हातात एक तक्ता ठेवला. थोरल्या मालकांनी खुर्ची सोडल्यापासून बाई कागद फार काढतात, हे तुला ठाऊकच आहे. कापायच्या टेबलावरच्या सहा जणांची नावं आणि प्रत्येकापुढे दहापैकी मार्क. सुपरवायझरनं भरायचे आणि सही करायची. आणि दहापैकी मार्क म्हटल्यावर माझा हात आपोआप चालला रे! अकरा मोसम आपण फुटबॉलच्या स्टेडियममध्ये दुसरं केलंय काय? शेवटची शिट्टी झाली की वही बाहेर, खेळलेल्या प्रत्येकाला दहापैकी मार्क, एक रकाना तुझा आणि एक माझा. नियमही तुझाच, वहीच्या पुठ्ठ्याच्या आतल्या बाजूला तुझ्या बारीक कोरीव अक्षरात लिहिलेला: नावाला मार्क नाहीत, आजच्या खेळाला. त्या नियमानं मी भरत गेलो. दोन्ही शिकाऊंनी दिवसभरात काही बिघडवलं नव्हतं, म्हणून पोराला सहा आणि पोरीला सात. तुझ्या नावापाशी पेन जरा थांबलं. आजचा खेळ, असं मनाशी म्हटलं, चार लिहिले आणि खाली सही ठोकली. सगळ्यात लाजिरवाणी गोष्ट ही की मला त्या वेळी स्वतःचं कौतुक वाटलं. दोस्ती बाजूला ठेवून खरं लिहिलं म्हणून! तक्ता कशासाठी आहे हे विचारायची बुद्धीसुद्धा झाली नाही. वाटलं, असेल नेहमीचंच कागद काळे करणं.

आणि हा खरं लिहिणारा हरिश्चंद्र कोण? तर मास्तरचा बिनपगारी वकील. आपल्या क्लबचा नऊ नंबर, बाकीच्यांना हातवारे करून सतत शिकवत असतो म्हणून सगळ्या स्टेडियमनं ज्याला मास्तर नाव ठेवलं, तोच. त्यानं शेवटचा गोल मारला तेव्हा माझी नात रांगत होती. आता ती पळते आणि माझा चष्मा लपवून ठेवते. तरी मी त्याची बाजू सोडली नाही. तो दोन बचावपटू अंगावर घेतो म्हणून इतरांना मोकळं रान मिळतं, हे माझं पहिलं कलम. फॉर्म पाहुण्यासारखा येतो-जातो, घरातल्या माणसाला काही कोणी बाहेर काढत नाही, हे दुसरं. आणि अकादमीतून वर आणा म्हणून सगळे ज्यांच्या नावानं गळे काढतात ती पोरं? काड्यांसारखे पाय, डोक्यावर तुरे, एक पास नीट गेला की सगळ्या स्टँडकडे बघून घेणारी. कच्च्या मडक्यात कोणी पाणी भरतं का? यावरून मी न्हाव्याशी भांडलो आणि त्यानं माझी अर्धी दाढी तशीच ठेवून मला घरी धाडलं. आमच्या चिरंजीवांशी दोन आठवडे अबोला धरला. आपल्या मागच्या रांगेतल्या दाढीवाल्याला तर मी एकदा छत्री उगारली होती, ती तूच धरलीस.

आणि तू? गेल्या मोसमापर्यंत तू कट्टर विरोधी पक्ष. मास्तरला तीन, मास्तरला चार, एकदा तर दोन. बस येईपर्यंत आपण भांडायचो, बसमध्ये भांडायचो आणि उतरून तुझ्या गल्लीच्या तोंडाशी उभे राहून उरलेलं भांडायचो. तू म्हणायचास की माझं प्रेम आंधळं आहे. मग या मोसमात तू बदललास. पहिल्याच सामन्याला म्हणालास, तू सांग आधी, मी दोघांचे एकदमच लिहून टाकतो. पूर्वी आपण तळहाताआड लिहायचो आणि मग दाखवायचो, आठवतंय? मी म्हटलं, मास्तरला सात. तूही म्हणालास, ठीक आहे, सात. त्या दिवशी मी काय हवेत होतो सांगू! अख्ख्या जन्मात मी वादात कोणाला जिंकलं नाही, घरात तर नाहीच नाही, आणि चक्क तुला जिंकलं. मी ते सगळ्यांना सांगत सुटलो. वर्तमानपत्राच्या क्रीडा पानाला पत्र धाडलं, त्यातही लिहिलं की माझा एक अत्यंत काटेकोर मित्र, ज्याची नजर केसाएवढी चूक सोडत नाही, तोसुद्धा मास्तरला दर सामन्यात सात मार्क देतो. छापून आलेलं ते कात्रण मी तुला दिलं. तू ते घडी करून खिशात टाकलंस आणि म्हणालास, छान लिहिलंयस. तेव्हा तू वाचल्याचं मला काही दिसलं नव्हतं. पण मी स्वतःवरच एवढा खूश होतो की म्हटलं, घरी वाचेल.

गुरुवारी तुझ्या दारात आलो होतो. वहिनी म्हणाल्या, झोपलेत. दुपारी चार वाजता तू? त्यांनी नजर चुकवली आणि मीही फार ताणलं नाही. तुझा फोन बंद. शनिवारी वाटलं, सामन्याला तरी येशील. नाही आलास. आणि तिथे पहिला दणका बसला: संघ जाहीर झाला तेव्हा मास्तर बाकावर आणि नऊ नंबरच्या जागी अकादमीतला एकोणीस वर्षांचा पोरगा! मी उठून उभा राहिलो, काय वाटेल ते बोललो. मग खाली बसलो, सामना सुरू झाला, आणि थोड्या वेळानं दाढीवाल्यानं माझ्या खांद्याला हात लावला. मला वाटलं, आता हा डिवचणार. पण तो अगदी हळू आवाजात म्हणाला, काका, आज बाजूला कोणी नाही, तुम्ही कोणाला सांगताय? मी म्हटलं, काय सांगतोय? तर म्हणतो, नेहमी सांगता तेच. चेंडू कोणाकडे, कोण पळालं, कुठे मारला. सगळा मोसमभर तुम्ही शेजारच्या काकांना अख्खा सामना सांगता, आम्हाला मागे ऐकून पाठ झालंय. मी सांगतो? कधीपासून? मग आठवलं, तू विचारतोस म्हणून. काय रे झालं, कोणी दिला पास, आपला होता का तो. मला वाटायचं, तुझं लक्ष नाही. मला वाटायचं, तू मला चिडवतोस.

मग मी तोंड बंद ठेवून नुसतं बघितलं. बऱ्याच दिवसांनी, खरं सांगायचं तर. त्या पोरानं उत्तरार्धात गोल मारला, असा साधा, सरळ, कसलाही नखरा न करता, की मी टाळी वाजवली आणि वाजवल्यावर माझ्याच हातांकडे पाहत राहिलो. शेवटच्या दहा मिनिटांत मास्तरला उतरवलं. सगळं स्टेडियम त्याच्यासाठी उभं राहिलं, मीसुद्धा. आणि मला दिसलं की तो पळत नाही रे. दोन बचावपटू त्याच्या अंगावर येत नाहीत, एकसुद्धा येत नाही. तो हात दाखवतो, सांगतो, ओरडतो आणि चेंडू त्याच्यापासून दोन पावलांवरून निघून जातो. माझे दोन्ही डोळे धड आहेत, आणि एवढं मला वर्षभर दिसलं नाही. त्याचे चार होतात. सात कुठून आणले होते मी?

आणि काल सोमवारी सकाळी धाकट्या मालकीणबाईंनी यादी लावली. कापायच्या टेबलावर पाच माणसं राहणार, दोन्ही शिकाऊ कायम, आणि खाली एका नावापुढे लिहिलेलं: पुढच्या सोमवारपासून गरज नाही. ते नाव तुझं होतं. मी दार न वाजवता आत घुसलो. काय काय बोललो ते मलाही नीट आठवत नाही. या माणसानं तुमच्या वडिलांबरोबर पहिलं टेबल ठोकलं होतं म्हणालो. ही पोरं अजून हातमोजे घालून काच उचलतात आणि तुम्ही उस्तादाला घरी पाठवता म्हणालो. मास्तरसाठी घोकलेली सगळी कलमं तोंडात तयारच होती. बाईंनी सगळं ऐकून घेतलं. मग कपाटातून तक्ता काढला, माझ्यासमोर ठेवला आणि शांतपणे विचारलं, काका, हे अक्षर तुमचंच ना? सगळ्यात कमी मार्क तुला होते, आणि ते मी दिले होते. ज्याला मी कधी भेटलो नाही, ज्याला माझं नावही माहीत नाही, त्या मास्तरसाठी तुझा नियम दर शनिवारी मोडला, आणि एकदाच इमानदारीनं पाळला तो तुझा गळा कापायला. उचलली जीभ लावली टाळ्याला असं तू मला नेहमी म्हणायचास. जीभ परवडली रे, या वेळी पेन उचललं.

मी म्हटलं, मार्क बदला. त्या म्हणाल्या, सही केलेला तक्ता बदलायचा तर कारण लेखी हवं, येत्या सोमवारच्या आत. आणि कारण खरं हवं, नुसती मैत्री नको. वाईट नाहीत त्या. पण तुझ्या कापण्याला अचानक काय झालं, हे त्यांनाही कळत नव्हतं आणि मलाही.

बाहेर आलो तो थेट तुझ्या खुंटीपाशी. ॲप्रनला हात लावून उभा राहिलो, उगाच. खिशात काहीतरी कडक लागलं. वही. मी ती खुंटीखालीच बसून उघडली. पुठ्ठ्यावरचा नियम तोच, जुनी पानंही तीच, चौकटीत मावणारे तुझे मोत्यांसारखे आकडे. मग या मोसमाची पानं आली, रेघोबा. आकडे मोठे मोठे होत गेलेत. चौकटी सोडून, ओळी सोडून, एकावर एक चढलेत. माझा रकाना कुठे संपतो आणि तुझा कुठे सुरू होतो ते कळत नाही. शेवटच्या पानावर तू मास्तरचा सात गोलकीपरच्या नावावर लिहिलायस. आणि मोसमाच्या पहिल्या सामन्यापासून दोन्ही रकाने अगदी सारखे. एकही मार्क इकडचा तिकडे नाही. मी तुला कधीच जिंकलं नव्हतं. तू फक्त माझा आवाज ऐकून लिहीत होतास.

मग सगळं धडाधड अंगावर आलं. चष्मा घरी राहिला, माप तू वाच, हे तुझं रोजचं. रेडिओ बंद करा. चहाचा कप धरायच्या आधी बोटांनी त्याचा कान शोधणं. तू काच आवाजावर कापत होतास! वर्षभर! आणि त्यातल्या तीनच बिघडल्या. हे आठवलं की मला आत्तासुद्धा थरकाप होतो आणि तितकाच अभिमानही वाटतो, आणि तुझा असा राग येतो की समोर असतास तर छत्री उगारली असती. धारेशी खेळायचं काम आहे ते, गाढवा. एक नस कापली असती तर? मला का नाही सांगितलंस? मी तुला मार्क देणारा कधीपासून झालो की तू मला घाबरावंस? पण हे विचारतोय कोण, तर चार देऊन मोकळा झालेला. म्हणून विचारत नाही. नुसतं लिहून ठेवतो की मला वाईट वाटलं, फार वाईट वाटलं, आणि चूक माझी आहे. रोज शेजारी उभा राहून मला दिसलं नाही.

बाईंना मी काही सांगितलेलं नाही. कारण माझ्या हातात आहे, खरं आहे आणि लेखीही देता येईल, पण ते तुझं आहे. तू हो म्हटल्याशिवाय माझ्या पेनातून उतरणार नाही, मग सोमवार उलटला तरी चालेल. डॉक्टर काय म्हणेल मला माहीत नाही. टेबल परत मिळेल अशी खोटी आशाही दाखवत नाही, खोटे सात पुष्कळ वाटून झाले माझे. परवा गुरुवारी अकराची वेळ घेतली आहे, डोळ्यांच्या दवाखान्यात. त्यासाठीच हे पत्र आणि त्यासाठीच ही ढबू अक्षरं. फोन तू उचलत नाहीस. साधं पत्र लिहिलं असतं तर वहिनींना वाचून दाखवावं लागलं असतं, आणि मधेच तू उठून गेला असतास. तुला घरातल्या माणसांसमोर हे ऐकावं लागू नये, तू ते स्वतःच्या डोळ्यांनी वाचावंस, असं मला वाटलं. खिडकीशी बस आणि एकेक कागद उजेडात धर. पहिल्या कागदावर माझी अक्षरं जरा लहान पडलीत, ती नाही लागली तरी हरकत नाही, त्यात नुसता फापटपसारा आहे. गुरुवारी दहा वाजता मी दारात येईन. दवाखान्याचा जिना अरुंद आहे, मी काल जाऊन बघून आलो: अठरा पायऱ्या, मधे एक वळण, वर उंबरा. मोठी काच नेताना पुढचं टोक कायम तुझं असायचं, सव्वीस वर्षं तू उलट्या पावली चालत आलास, आणि मी पायरी म्हटलं की पायरी, उंबरा म्हटलं की उंबरा, एकदाही मागे वळून बघितलं नाहीस. या वेळी हातात काच नसेल, एवढाच फरक. मी सांगत जाईन.

तुझाच,
काचेच्या दुसऱ्या टोकाचा